आत्याला सांगायचं की नाही

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी तिथंच बसलो होतो. म्हणजे बसलो नव्हतो, गावातही नव्हतो. पण ज्यानं सांगितली तो खोटं बोलत नाही. सहसा.

“सांगायचं की नाही, सर? एवढंच सांगा.”

अभिनंदन चौगुले दारातूनच म्हणाला. कॉलेजात पहिल्या वर्षाला तर्क आणि नीतिशास्त्र घेतल्यापासून वादात कुणी त्याच्या वाटेला जात नव्हतं.

मुजावर सर व्हरांड्यात उकडलेल्या शेंगा सोलत होते. जन्मभर हेच विषय शिकवून निवृत्त झालेले.

“कुणाला?”

“आत्याला. कॅन्सर आहे. घरच्यांनी साधी गाठ म्हणून सांगितलंय. अण्णा म्हणाले, तोंड उघडलंस तर घरात पाऊल टाकू नकोस.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“शरीर तिचं, तर जाणून घ्यायचा हक्कही तिचाच. अण्णांचा मुद्दा निव्वळ भावनिक. सरळसरळ तर्कदोष!”

“बरोबर.”

“पण कळल्यावर ती खचणार असेल, तर न सांगणंही नैतिकच ठरतं.”

“तेही बरोबर.”

“दोन्ही कसं बरोबर असेल? उद्या ऑपरेशन आहे, सर! मला वाढवलंय तिनं.”

सरांनी एक शेंग फोडली.

“आत्या काय म्हणते?”

“तिला कुठं काय माहीत आहे?”

“ते नाही विचारलं. म्हणते काय?”

अभिनंदन चपला काढून पायरीवर टेकला.

“गेलो की हात धरते. म्हणते, ‘अभी, एक विचारू का रे?’”

“मग?”

“मग मी... विषय बदलतो.”

सरांनी उजव्या कानातलं ऐकायचं यंत्र काढलं, सदऱ्याला पुसलं आणि त्याच्यापुढं धरलं.

“घाल.”

“मला ऐकू येतं, सर.”

“असं?”

...

अभिनंदन उठला, चपला घातल्या आणि तडक हॉस्पिटलात गेला.

आता, हे शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. गोष्ट नीट संपावी म्हणून मी त्याला उठवला. खरं तर तो जागचा हललाच नाही. ते यंत्र हातात घेऊन म्हणाला,

“पण सर, तत्त्वतः पाहिलं तर...”

सरांनी डाव्या कानातलंही काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

“मग हेही घे.”