धुरपदा कासारीण आणि अडीच हाती तलवार

एका राज्यात घरटी एक तलवार होती, आणि प्रत्येक तलवार नेमकी अडीच हात लांब होती. राजाच्या कमरेची तेवढीच, कुंभाराच्या खुंटीवरची तेवढीच, सुईणीच्या वळचणीची तेवढीच. त्याचे कारण असे की राजाचे आजोबा ताडमाड उंच होते आणि अडीच हाती तलवार त्यांना फार शोभून दिसे. मग काय, त्यांनी सगळ्या प्रजेला तीच दिली. ती कोणाला पेलते आणि कोणाला नाही, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

या तलवारींचे लोखंड होते भस्मकेतू नावाच्या मांत्रिकाचे. आजोबांनी त्याला युद्धात जिंकून त्याचे डोंगरातले शस्त्रागार फोडले, तलवारी तेवढ्या उचलल्या आणि बाकीची शस्त्रे किडूकमिडूक म्हणून तिथेच टाकली. मरता मरता मांत्रिक म्हणाला, "राजा, लोखंड नेलंस, पण हात ओळखायची विद्या मागेच राहिली. ज्याच्या हाताजोगी ही तलवार नसेल, त्यानं ती संकटात उपसली की त्याचा हात दगडाचा होईल. दर खंडेनवमीला, सूर्य मावळताना, दगड एक सांधा वर चढेल. माझ्या शस्त्रागारात येऊन तीन माणसांना त्यांच्याजोगं शस्त्र जो देईल, त्याच्याच हातून शाप उतरेल." एवढे बोलून तो मेला. मांत्रिक मंडळी मरताना फार बोलतात.

सैनिकांना त्या तलवारींनी काही होत नसे. त्यामुळे दरबारात सगळ्यांची समजूत अशी झाली की ज्यांचे हात दगडाचे होतात, त्यांचा सराव कमी पडतो. राज्याचे शस्त्राचार्य रणभैरव यांनी चाळीस वारांचा एक पाठ बसवला होता. दर सोमवारी सारी प्रजा मैदानात जमून तो पाठ करी. सत्तरीच्या म्हाताऱ्या करीत, पाठीला तान्ही पोरे बांधून बाया करीत, आणि एका पायाने अधू असलेला दरबारी लेखनिकही उड्या मारीत करी.

त्याच राज्यात धुरपदा नावाची एक कासारीण राहत होती. बुटकी, डावखुरी, बोलायला फटकळ. नवरा मागेच वारला होता. घरात ती आणि तिची मुलगी रंभा, अशी दोनच माणसे. पाठीवर काकणांचे गाठोडे बांधून त्या दोघी घाटापलीकडच्या वाड्यावस्त्या करीत. धुरपदेला विद्या एकच येत होती, पण ती पक्की येत होती. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठा आत दुमडून एकदा दाबायचा, की कोणत्या मापाचे काकण चढेल ते तिला कळे. तेवढ्यावर ती थांबत नसे. दळण घरी दळतेस का, गाई किती, शेणकूर कोण करतं, असे सगळे विचारून मगच ती जाड काच द्यायची की बारीक ते ठरवी.

तीन वर्षांपूर्वी रंभा एकटीच घाटातून येत असताना तिला चोरट्यांनी अडवले. रंभेने तलवार उपसली. आरडाओरडा ऐकून लाकूडतोडे धावत आले म्हणून ती वाचली, पण मनगटापर्यंत तिचा उजवा हात दगडाचा झाला. पहिल्या खंडेनवमीला दगड कोपरापर्यंत आला, दुसऱ्या खंडेनवमीला खांद्यापर्यंत. आता तिसरी आठ दिवसांवर आली होती. खांद्याच्या पुढे सांधा नाही, खांद्याच्या पुढे काळीज आहे. धुरपदेला घास गोड लागेना.

ती उठली आणि दरबारात गेली. राजा धैर्यसिंह माणूस भला होता, पण आजोबांच्या कायद्यापुढे त्याचे काही चालत नसे. त्याने रणभैरवांकडे पाहिले.

"मुलीचा तेविसावा वार चुकला असणार," रणभैरव म्हणाले.

"तेविसावा कशाला, तिला पहिलाच मारता आला नाही," धुरपदा म्हणाली. "तलवार लांब, पोर ठेंगणी, पाठीवर ओझं. महाराज, मला डोंगरात जाऊ द्या."

"बारा वीर गेले," राजा म्हणाला. "बाराही दगडी हातांनी परत आले. तू बरोबर काय नेणार?"

"काकणं, महाराज. येताना वाटेतली गावं करीन."

दरबार हसला. राजा मात्र हसला नाही. त्याने तिला जाण्याची परवानगी दिली आणि वाट दाखवायला हात वर केला.

सात दिवस चालून खंडेनवमीच्या सकाळी धुरपदा डोंगराच्या पायथ्याशी पोहोचली. तिथे उघड्या माळावर एक टिटवी चार अंडी घालून बसली होती. धुरपदेला पाहताच ती लंगडत, पंख फरफटत, ओरडत दूर पळू लागली.

"उगाच लंगडू नकोस," धुरपदा म्हणाली. "मला तुझी अंडी नकोत, मला शस्त्रागाराचं दार हवं आहे."

टिटवीचा पाय तत्काळ बरा झाला. "दार त्या उंबराच्या मागे आहे," ती म्हणाली. "बारा वीर इथूनच गेले. प्रत्येकानं मला सांगितलं, तुला गरुडाची नखं असायला हवी होती."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नखं घेऊन मी अंड्यांवर बसू कशी?"

धुरपदेला हे पटले. तिने टिटवीला चिमूटभर भाकरी टाकली आणि ती उंबरामागे गेली.

आत हजार कोनाडे होते आणि हजार कोनाड्यांत हजार शस्त्रे होती. भाले, कट्यारी, गोफणी, ढाली, फास, शिंगे, आणि ज्यांना नावे नाहीत अशीही पुष्कळ. समोरच्या भिंतीवर पितळेचे एक मुंडके होते. त्याने डोळे उघडले.

"तीन माणसं येतील," मुंडके म्हणाले. "प्रत्येकाला शस्त्र दे. चुकलीस तर दगडाचा हात घेऊन जाशील."

त्याने फुंकर मारली तसे पहिले माणूस हजर झाले. ते एक आंधळे आजोबा होते, भरवस्तीतल्या देवळाचे पुजारी. धुरपदेने कोनाड्यांकडे पाहिलेच नाही. तिने आजोबांना बसवले, त्यांचा हात हातात घेतला आणि दाबला. हात मऊ होता, बोटांना गंध लागलेले होते.

"आजोबा, राहता कुठं?"

"देवळातच, बाई."

"येऊन येऊन येणार कोण?"

"देवाच्या दागिन्यांवर डोळा असलेला एखादा."

"आणि हाक मारली तर ऐकायला कोण?"

"अख्खी वस्ती. माझा आवाज तेवढा उरला नाही."

धुरपदा उठली आणि एक जाडजूड घंटा घेऊन आली. मुंडक्याने फुंकर मारली आणि एक काळी सावली आजोबांवर चालून आली. आजोबांनी घंटा बडवली. लगेच शंभर माणसांच्या धावत्या पावलांचा आवाज गुहेत भरला आणि सावली आल्या वाटेने पळाली.

"घंटा हे शस्त्र नव्हे," मुंडके म्हणाले.

"सावलीला विचार," धुरपदा म्हणाली.

दुसरा आला तो सीमेवरच्या चौकीचा शिपाई. उंच, रुंद, मिशाळ. तिने त्याचाही हात दाबला. तळव्याला बारा वर्षांचे घट्टे होते, नेमके मुठीच्या जागी. याला तलवारच हवी होती, तीही अडीच हाती. धुरपदेचे तलवारींशी काही वैर नव्हते. तिने ती त्याला दिली. पण बोलता बोलता तिने घरची चौकशीही केली, आणि परत जाऊन एक लांबट पेटी व कुलूप घेऊन आली.

"शस्त्र मागितलं होतं," मुंडके म्हणाले. "कुलूप कशाला?"

"याला तीन लेकरं आहेत. धाकटं चार वर्षांचं आहे आणि सगळीकडे चढतं."

शिपायाने मुकाट्याने किल्ली गळ्यात घातली. सावली आली, त्याने तिचे दोन तुकडे केले आणि तलवार पेटीत ठेवून तो निघून गेला.

"आता तिसरं माणूस बोलाव," धुरपदा म्हणाली. "ऊन कलायला लागलंय."

"तिसरी तूच," मुंडके म्हणाले.

धुरपदा गडबडली. जन्मभर तिने दुसऱ्यांचे हात दाबले होते, आपला कधी दाबला नव्हता. तिने कोनाडे धुंडाळले. एका कोनाड्यात मोत्यांच्या मुठीची एक इवलीशी कट्यार होती, आणि ती घडवलीही होती डाव्या हातासाठी. कट्यार मुठीत अशी बसली की जणू मापाचे काकण. धुरपदेच्या ती मनात भरली. बायांना देताना ती डोळ्यांत तेल घालून माल निवडी, स्वतःसाठी घेताना मात्र मोती पाहून भुलली.

हळूहळू तिच्या बोटांच्या शेंड्यांना गारठा चढू लागला. तेव्हा ती खाली बसली आणि आपणच आपल्याला विचारू लागली. फिरतेस कुठं? घाटात, एकटी. ऐकायला कोण? वानरं. हात मोकळे असतात का? एका हातात काठी, दुसरा गाठोड्याच्या पट्ट्याला. येणार कोण? दोघं तिघं दांडगे. त्यांना काय हवं असतं?

गाठोडं.

मग तू थांबतेस कशाला?

तिथे धुरपदा अडली, आणि तिला सगळे आठवले. रंभा दहा वर्षांची असताना तिच्या पाठीवर पहिले गाठोडे बांधले तेव्हाच तिने बजावले होते, "जीव गेला तरी गाठोडं सोडायचं नाही." म्हणून तर तिने ते निरगाठीने बांधले होते, ओढूनही न सुटणाऱ्या. रंभेसारखी पळणारी पोर पंचक्रोशीत नव्हती. ती डोळे मिटून घाट उतरली असती. पण ती पळाली नाही. आईने सांगितले होते म्हणून ती मालापाशी उभी राहिली आणि जी पेलत नव्हती ती तलवार तिने उपसली. शाप मांत्रिकाचा खरा, पण पोरीला वाटेत उभे केले होते आईने. धुरपदेला रडू आले आणि तिने ते आवरले नाही.

मग तिने डोळे पुसले, कट्यार कोनाड्यात परत ठेवली आणि पाठीवरची निरगाठ दातांनी सोडली. त्या जागी तिने सुरगाठ मारली आणि तिचे टोक डाव्या खांद्यावरून पुढे घेतले.

"आता सोड तुझ्या सावल्या," ती म्हणाली.

मुंडक्याने तीन सावल्या सोडल्या, काही कमी केले नाही. त्या हाताच्या अंतरावर येईपर्यंत धुरपदा थांबली. मग तिने टोक ओढले. गाठोडे धाडकन खाली आले. हिरवी, लाल, जांभळी, अशी वर्षभराची काकणे दगडावर आदळली आणि गुहेभर काचांचा खच पडला. सावल्या अनवाणी होत्या. धुरपदेने मागे वळून पाहिले नाही. पन्नाशीची ती बाई जी पळाली ती उंबर ओलांडून माळावर जाऊन थांबली, आणि टिटवी तिच्या डोक्यावर घिरट्या घालीत साऱ्या डोंगराला ओरडून सांगत सुटली.

"शस्त्र कुठं आहे?" आतून मुंडक्याने विचारले.

"पाय आहेत, गाठ आहे," धुरपदा धापा टाकीत म्हणाली. "आणि ओरडणारी मैत्रीण आहे."

"बरोबर आहे," मुंडके म्हणाले. त्याने डोळे मिटले आणि त्याचे साधे पितळ झाले.

त्याच घटकेला राज्यातले सगळे दगडी हात मऊ झाले. रंभेला शेजारीण पेज भरवत होती. मांडीवर पडलेल्या उजव्या हाताला मुंग्या आल्या, म्हणून तिने तो झटकला आणि पेजेचे भांडे उडवले. धुरपदा घरी आली तेव्हा तिने कितीतरी वेळ तो हात दाबून पाहिला. मापासाठी एवढा वेळ लागत नाही.

राजाने अडीच हाती तलवारींचा कायदा रद्द केला. रणभैरव आठ दिवस रुसून बसले. मग ते सोमवारी वडाखाली बसू लागले, एका वेळी एकाला बोलावून राहणे, वाट, घर, हाकेचे अंतर असे सगळे विचारू लागले, आणि खरे सांगायचे तर त्यात ते चांगलेच तरबेज झाले. सुईणीला त्यांनी दांडगा कुत्रा दिला आणि बोलावणाऱ्या घरचे माणूस सोबत घेतल्याशिवाय बाहेर पडायचे नाही असे सांगितले. लेखनिकाला त्यांनी बसल्या जागी चालवायची काठी शिकवली. लोहाराच्या बायकोने तलवार ठेवून घेतली, कारण ती तिला खरोखरच चालवता येत होती.

रंभेला शिकवले तिच्या आईने. महिनाभर दोघी गोट्यांचे गाठोडे बांधून घाटाच्या वळणावर जात. टोक ओढायचे, ओझे टाकायचे आणि पहिल्या वाडीपर्यंत पळायचे. सुरुवातीला रंभेचा हात टोकापाशी थबके. पुढे थबकेनासा झाला. मग धुरपदेने तिच्या पाठीवर नवी काकणे बांधली आणि तिला एकटीला जाऊ दिले. त्या दिवसापासून रंभा बाहेर असेपर्यंत धुरपदेचे लक्ष वाटेकडे असे.

फाल्गुनातल्या एका दुपारी रंभा परत आली. पाय धुळीने भरलेले, केस सुटलेले, पाठ मोकळी. ती दारातच उभी राहिली. वर्षाचा माल होता तो, आणि आईची नजर कशी असेल ते तिला पाहवेना. कासाराच्या घरी काकण फुटले असे कोणी म्हणत नाही.

"आई," ती खाली मान घालून म्हणाली, "काकणं वाढली."

"किती?"

"सगळी."

धुरपदेने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि एकेक करून दाबून पाहिले. दोन्ही गरम होते.

"पाय धू," ती म्हणाली. "तुझं ताट वाढते."

रंभा पोटभर जेवली. ही कथा ऐकणाऱ्यांच्या लेकीबाळी अशाच घरी येवोत आणि पोटभर जेवोत.