कर्णा कुठे बांधायचा

फार जुनी नव्हे, पाड्यावर लाउडस्पीकरचा पहिला कर्णा आला त्या सालची गोष्ट.

नाचासाठी लोकांनी तो कडेच्या मोहाच्या झाडावर बांधला. मधोमध माइकपुढे फुंकून वाजवायचा भोपळ्याचा तारपा घुमू लागला, पण नाचणाऱ्यांचा फेर आवाजामागे सरकत मोहाखाली गेला. तारप्याला पाठ दाखवायची नाही ही पाड्याची रीत, तीच मोडली.

"तारपादादा, सूर तुमचा, मग माणसं माझ्याकडे का आली?" कर्ण्याने विचारलं.

"आवाज येईल तिकडे पाय वळतात रे."

शेवटी लोकांनी बांबू रोवून कर्णा तारप्याच्या डोक्यावर टांगला. फेर पुन्हा जुळला.

कर्ण्याने खाली पाहिलं. "आता माझ्याकडे कुणीच बघत नाही."

"माझ्याकडे तरी कोण बघतंय?" तारपा म्हणाला. "ज्याची त्याची नजर शेजारच्याच्या पावलांवर आहे. त्यासाठीच तर आपण वाजतो."