धाकूचा वादळी बंदोबस्त

पंचायतवाल्यांनो, वादळ येणार हे तुम्हाला चार दिवस आधी कळलं होतं. तरी गावाचा बंदोबस्त तुम्ही कोणाच्या हाती दिलात? जो कधी उलट प्रश्न विचारत नाही, त्याच्या.

खाडीच्या तोंडावरच्या एका गावात हा भोळा माणूस राहायचा. नाव धाकू. सांगितलं तेवढंच करायचा. पंचायतीला असा माणूस फार आवडतो. सरपंचांनी त्याला एक शिट्टी दिली, टेकडीवरच्या शाळेची किल्ली दिली आणि बजावलं, "खालच्या वाडीत पाणी शिरणार. त्याआधी माणसं शाळेत पोचली पाहिजेत. पण आधी बाकीची कामं उरक. वाऱ्याने उडेल ते सगळं बांधून टाक."

एवढी मेहनत करून सरपंच घरी जाऊन आडवे झाले.

धाकूने वाडीतल्या सगळ्या कोंबड्या माडांना बांधल्या.

सुंदराकाकी ओरडत आली. "अरे मेल्या, छपराचे पत्रे बांधायचे सोडून कोंबड्या काय बांधतोस?"

"पत्रे उडताना मी कधी बघितले नाहीत, काकी. कोंबड्या रोज उडतात."

"सोड त्यांना! जिवंत असेल ते आत कोंडायचं आणि कडी घालायची. कळलं?"

धाकूला कळलं.

मग सरपंचांचा फोन आला. "होड्या पाण्याबाहेर ओढ." धाकू खाडीवर गेला. होड्या जड होत्या. नांगर त्यामानाने हलके होते. त्याने सगळे नांगर ओढून काढले आणि वाळूत नीट ओळीने मांडले. होड्या समुद्राकडे निघाल्या.

होडीवाल्यांचा म्होरक्या बाबी तांडेल पोहत जाऊन त्या कशाबशा परत घेऊन आला. "अकलेच्या कांद्या, नांगर काढलास?"

"तेही पाण्यातच होते."

"वारा सुटला की कुठलीच गोष्ट जागची हलू द्यायची नाही! हलली की गेली!"

धाकूला हेही कळलं.

दुपारी वारा सुटला. पाणी चढू लागलं. खालच्या वाडीतली माणसं बोचकी बांधून, पोरं मांडीवर घेऊन, आपापल्या घरात धाकूच्या शिट्टीची वाट बघत बसली होती. धाकू आला. शिट्टी काही वाजली नाही. त्याने एकेका घराला बाहेरून कडी घातली.

"अरे, कडी काढ!" सुंदराकाकी आतून दार बडवू लागली. "पाणी उंबऱ्याला लागलं!"

"काकी, तुम्ही जिवंत आहात ना?"

"आहे रे मेल्या!"

"मग आतच बसा. आणि जागच्या हलू नका."

सगळी घरं झाली. तेवढ्यात धाकूच्या लक्षात आलं, आपणही जिवंत आहोत. तो धावत शाळेत गेला आणि आतून कडी घालून बसला.

घरांना मागीलदारही असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून वाडी वाचली. गुडघाभर पाणी तुडवत माणसं टेकडीवर आली, तर शाळेचं दार बंद. सरपंचही येऊन पोचले, छत्री उलटी झालेली.

"धाकू, दार उघड!"

"वारा थांबू दे, साहेब. आता हलायचं नाही."

सरपंचांचा फोन वाजला. तालुक्याहून विचारणा होती, किती लोक सुरक्षित स्थळी हलवले? सरपंचांनी फोनवर हात ठेवून दार पुन्हा बडवलं.

पावसात निथळत उभा असलेला म्हातारा शिवराम न्हावी म्हणाला, "एक म्हणून कळवा. अंगावर थेंबही नाही म्हणावं."