जमिनीचा मालक

थायलंडमधल्या चियांग माईच्या नोईशी लग्न करून तिथेच स्थिरावलेल्या हेरंबची आई मिरजेहून कायमची राहायला येणार होती. घरातच राहणारे नोईचे मामा, निवृत्त मोठे अधिकारी, गुरकावले, "परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही. घर माझ्या भाचीचं, तू पाहुणा. पाहुण्यानं आणखी पाहुणे आणायचे नाहीत!"

हेरंबनं अंगणातल्या खांबावरच्या इवल्याशा देवळाकडे पाहिलं. "मामा, तिथे रोज हार कुणाला घालता?"

"जमीन राखणाऱ्या देवाला. खरा मालक तोच. त्याच्या परवानगीनं आपण राहतो."

"म्हणजे तुम्हीही पाहुणेच की! मग आईचं मालकालाच विचारू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी हार हेरंबच्या हातात दिला. "आज तू घाल. आणि मालकाला सांग, माझी ताई राहायला येतेय."