सातव्या भट्टीतला आवाज

"मग मला अनुग्रह द्यायला हरकत काय आहे, बाबा?"

विश्वंभरबुवांनी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांच्या प्रवचनाला चार तालुक्यांतून माणसं येत. दृष्टांत सांगावा तर बुवांनीच, असं लोक म्हणत. बुवांनाही तसंच वाटे.

लहानूबाबा समोर बसले होते. ऐंशी उलटलेली, अंगावर एक पंचा. टेकडीखाली कोळशाच्या भट्ट्यांची रांग होती, दगडांनी बांधलेल्या, घुमटासारख्या सात. लोखंड गाळणाऱ्या कारखान्याला एके काळी इथूनच लाकडी कोळसा जाई. कारखाना कधीचाच बंद पडला. पहिल्या भट्टीत आता बाबा राहत.

"मी इथला मुकादम होतो," ते म्हणाले. "आत लाकडं रचायची, पेटवायची, दगडमातीनं दार लिंपायचं. आठ दिवस आत वारा जाऊ द्यायचा नाही. गेला, की कोळसा नाही. नुसती राख."

बुवा सावरून बसले.

"एकदा असंच दार लिंपलं. भट्टीनं धूर धरला... आणि आतून आवाज आला. ठक... ठक."

"मग?"

"मी दार उघडलं नाही."

बुवांचे डोळे चमकले.

"वा! भट्टी म्हणजे देह. वारा म्हणजे वासना. आणि आतून ठोठावतो तो जीव! काय दृष्टांत दिलात, बाबा!"

बाबा उठले. बुवांचा हात धरून सातव्या भट्टीकडे चालू लागले. भर दुपार होती. दाराची कमान इतकी बुटकी, की बुवांना वाकूनच आत जावं लागलं. आत सगळं काजळीनं काळं.

बाबांनी बुवांची बोटं दाराच्या आतल्या कडेवर टेकवली.

दगडांच्या सांध्यातला चुना उकरलेला होता. एकाशेजारी एक, चार रेघा. गुडघ्याच्या उंचीवर.

बुवांनी हात झटकन मागे घेतला.

"हे... हे कोणी केलं?"

"लाकडं रचणाऱ्यांत एक जण होता. अंगात ताप होता त्याच्या. रचता रचता ढिगामागेच निजला असणार. कारखान्यातून सांगावा आला होता, कोळसा संपत आलाय म्हणून. घाईत मी आत पाहिलंच नाही."

"पण आवाज ऐकलात ना तुम्ही!"

"ऐकला."

"मग?"

"एका गड्यानं विचारलं, मुकादम, काय वाजतंय? मी म्हणालो, लाकूड तडकतंय."

"तुम्हाला... खरंच तसं वाटलं?"

बाबांनी त्या चार रेघांवरून अंगठा फिरवला.

"पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा कळलं."

बुवा कसेबसे बाहेर आले आणि तिथेच मातीत बसले. बाबा त्यांच्या मागोमाग आले.

"आठव्या दिवशी उघडलं. कोळसा चांगला उतरला होता. त्यात एक तांब्याचं कडं निघालं."

"नाव काय होतं त्याचं?"

"विचारलं नव्हतं. आदल्या दिवशीच कामावर आला होता."

"आणि लोक तुमच्या पाया पडतात! त्यांना ठाऊक आहे हे?" बुवांचा आवाज चिरकला.

"येईल त्याला सांगतो. ठाण्यात जाऊनही सांगितलं. फौजदारानं हात जोडले. म्हणाला, बाबा, फार खोल बोललात."

बुवांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मग इतक्या वर्षांची सवयच ओठांवर आली.

"बाबा... यातून मी काय घ्यायचं?"

बाबा भट्टीकडे बघत होते.

"काही घेऊ नकोस," ते म्हणाले. "माणूस होता तो."