आधी वैद्याचा घोट

फार पूर्वी शाल्मलीनगरात दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव विशाख. वैद्यकीत मान होता, हे खरे. विशाख रस्त्याने निघाला की लोक वाट देत आणि लेकुरवाळ्या बायका मुलाच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून घेत. पण रोगी उठून बसला की देवाची कृपा आणि दगावला की वैद्याचा दोष, ही रीत तेव्हाही होतीच. विशाखच्या ती अंगवळणी पडली होती.

एकदा राजाला जलोदर झाला. पोट घागरीसारखे फुगले, पाय सुजले, आडवे झाले की धाप लागे. दोन वैद्यांनी हात टेकले. विशाखने नाडी पाहिली, पोटावर बोटे वाजवून पाहिली आणि सांगितले, की निवडुंगाच्या चिकात केलेले औषध एकवीस दिवस घेतले तर पाणी उतरेल. मध्येच सोडले तर पुन्हा भरेल, आणि मग उपाय नाही.

त्या राजवाड्यात एक दंडक होता. राजाला जेवढी मात्रा द्यायची तेवढीच वैद्याने आधी राजासमोर प्यायची, घटकाभर तिथेच बसायचे, आणि तो धड राहिला तरच राजा पेला उचलणार. राजाचा कोणावरच विश्वास नव्हता. खिडकीखाली दोन माणसे हळू बोलली तरी त्याला त्यात आपलेच नाव ऐकू येई. विशाखने दंडक मान्य केला. आता औषध जलोदराचे होते, आणि विशाखला जलोदर नव्हता. राजाच्या अंगातले नको ते पाणी जाई, विशाखच्या अंगातले हवे ते.

नवव्या दिवशी राजाच्या पायांची सूज ओसरली आणि विशाखचे डोळे खोल गेले. बाराव्या दिवशी राजा पाठ टेकून झोपला. विशाखला त्या दिवशी जिना चढताना दोनदा बसावे लागले. त्याची बायको रोहिणी म्हणाली, की सोडा हे, दुसरा कोणी पाहील. दुसरा कोणी नाही, असे विशाख म्हणाला. मग तीच रडत रडत रोज सकाळी त्याच्या छातीला आणि कमरेला जुनी धोतरे गुंडाळून देऊ लागली, म्हणजे तो भरलेला दिसावा. वैद्य वाळतो आहे हे कळले तर राजा औषध टाकून देईल, हीच दोघांना धास्ती. भली माणसे लपवायला गेली की असा घोळ घालतात.

चौदाव्या दिवशी अमात्य कुलिकाला शंका आली. गालफडे बसलेली आणि अंग मात्र गुबगुबीत, हे कसे? त्याने राजासमोरच विशाखचे उपरणे ओढले. गुंडाळलेली धोतरे सुटून जमिनीवर पडली आणि आतून बरगड्या दिसल्या. हे सावकाश मारणारे विष आहे, अमात्य म्हणाला. नसते तर लपवले कशाला?

राजा विशाखकडे वळला.

"कोणी पाठवलं तुला?" त्याने विचारले. "नाव सांगितलंस तर सीमेपार सोडीन. नाही तर सूळ आहे."

सुटायला एक खोटे नाव पुरे होते. विशाखला रोहिणी आठवली आणि तो घाबरला. बोधिसत्त्व झाला तरी जीव कोणाला नको असतो? पण नाव घेतले की औषध विष ठरणार, आणि राजा चार-दोन महिन्यांत मरणार.

"लपवलं, ही माझी चूक," तो म्हणाला. "पण हे विष नाही. मला सुळावर द्यायचं तर द्या, महाराज. कृती मी लिहून देतो. उरलेले दिवस औषध मात्र सोडू नका."

असे म्हणून त्याने दंडकाप्रमाणे त्या दिवसाची मात्रा घेतली आणि घटका भरायच्या आत तो जमिनीवर कोसळला. पाहा, अमात्य म्हणाला. राजाही पाहायलाच वाकला. वाकला, आणि तसाच थांबला. कित्येक महिन्यांत त्याला पोटाआड स्वतःची पावलेसुद्धा दिसली नव्हती; आज ती दिसत होती.

तो विशाखजवळ खाली बसला. "माझ्या बापाला मीच एका वैद्याच्या हातून विष पाजलं," तो म्हणाला. "तेव्हापासून प्रत्येक पेल्यात मला तेच दिसतं."

चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच.

"गावाला ठाऊक आहे, महाराज," विशाख पडल्यापडल्या म्हणाला. "म्हणूनच मी दंडक मोडा म्हटलं नाही. आता प्या."

राजाने पेला उचलला. उरलेले सात दिवस त्याने कोणाला आधी प्यायला न लावता औषध घेतले आणि तो बरा झाला. विशाखला उठायला पुढचा उन्हाळा लागला.

शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, ही कथा कुंडल नावाच्या आजारी भिक्षूच्या अंथरुणाशी बसून सांगितली. सुतन नावाचा भिक्षू त्याची शुश्रूषा करी. पण ह्यात काय घातले आहे, असे विचारून कुंडल त्याच्या हातचे काही घेत नसे. आणि कुंडल आजाराचे सोंग करतो, असा सुतनाचा वहीम होता. शास्ता म्हणाला, "तेव्हाचा राजा हा कुंडल. अमात्य हा सुतन. वैद्य मी होतो." मग सुतनाने पेजेचे भांडे पुढे केले आणि कुंडलाने काही न विचारता ते घेतले.

ज्याची सेवा करायची त्याचाच संशय सोसायचा आणि तरी सेवा सोडायची नाही, ह्या क्षांतीची ही कथा आहे.