बसून अडकलेला पंप

फार पूर्वी, यंत्रं माणसांशी बोलत तेव्हाची गोष्ट. पावसाळाभर वाळूवर ओढून ठेवलेली एक होडी नारळीपौर्णिमेला सुरूच होईना. इंजिनाचा डिझेलपंप जाम झाला होता. होडीचे मालक हिराजी तांडेलांनी तो काढून नवा बसवला.

"म्हातारा झालास, जा आता भंगारात," नवा पंप हसला.

"मी झिजलो नाही रे, बसून बसून अडकलो," जुना म्हणाला. "आज इंजिनाला हार घातला, पण दोन महिन्यांत एकदाही कुणी ते फिरवलं नाही. पुढच्या वर्षी तुझंही हेच होईल."

तांडेल ओशाळले. त्यांनी जुन्याला रॉकेलात भिजवून मोकळं केलं आणि होडीतच ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात ते दर आठवड्याला होडीत चढून, हँडल मारून इंजिन फिरवायचे. बाकीचे नाखवे हसायचे. नारळीपौर्णिमेला मात्र त्याच नाखव्यांच्या चार बंद होड्या दोर बांधून तांडेलांच्या होडीमागून निघाल्या.